दोन चाकांवरची पृथ्वीप्रदक्षिणा

सायकल ही वस्तु मुंबईकराच्या इतकी परिचयाची आहे कीं, तिच्याकडे मुद्दाम मान वळवून कोणी पाहत नाहीं. गिरगांवच्या गल्ल्यांतून पहांटे वर्तमानपत्रें टाकीत जाणारा मुलगा, दादर स्टेशनाबाहेर जेवणाच्या डब्यांचा भार दोन्ही बाजूंना लटकावून निघालेला डबेवाला, परळच्या चाळींतून दूध पोहोंचविणारा दूधवाला, आणि गिरण्या चालू होत्या त्या काळीं लालबागेंत भोंग्यापूर्वी फाटक गांठण्यासाठीं घाईघाईनें पायडल मारणारा कामगार, या सर्वांनीं सायकलला राबविलें आणि तिनें त्यांचा संसार ओढला. पण तिच्यावर स्वार होऊन कोणी कीर्ति मिळवील, किंबहुना तेंच आपलें जीवितकार्य मानील, ही कल्पना या शहराला सहसा शिवत नाहीं.

श्रोतेहो, सायकल चालविणें हा माणसाच्या जन्माचा व्यवसाय होऊं शकतो काय? या प्रश्नाचें उत्तर देशपरत्वें वेगळें येईल. १९२३ या एकाच सालीं पॅरिस आणि मुंबई या दोन शहरांनीं तें दोन तऱ्हांनीं दिलें. त्या वर्षीच्या जुलै महिन्यांत आंरी पेलिसिए हा धंदेवाईक सायकलस्वार फ्रान्सची सर्वांत मोठी शर्यत जिंकून पॅरिसमध्यें परतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठीं घराबाहेर पडले. पेलिसिएच्या श्रमाला बाजारांत भाव होता. या सहा जणांच्या श्रमाला तसा कांहीं भाव नव्हता. मुंबईच्या तरुणांची कथा हाच आजच्या भाषणाचा मुख्य विषय आहे. परंतु तिचें मोल नीट कळावें म्हणून प्रथम फ्रान्सकडे थोडें वळणें इष्ट होईल.

‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली, ती एका वर्तमानपत्राचा खप वाढविण्यासाठीं. त्या पत्राचें नांव ‘लोतो’ आणि संपादकाचें नांव आंरी देग्रांज. सबंध देशाला सायकलवरून वळसा घालावयाचा, रोजची हकीकत छापावयाची, आणि ती वाचण्यासाठीं लोकांनीं पत्र विकत घ्यावें, असा हा सरळ हिशेब होता. पहिल्या वर्षी सहा टप्प्यांत सुमारें २,४०० किलोमीटरांचें अंतर होतें. हिशेब बरोबर ठरला. खप वाढला, शर्यत मोठी झाली, आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांचे घाट तींत आले. १९१९ पासून आघाडीच्या स्वाराला पिवळी बंडी देण्याची चाल पडली. तो पिवळा रंगहि त्या पत्राच्या कागदाचाच होता.

देग्रांज हा मोठा करारी गृहस्थ. यंत्राचें साहाय्य शक्य तेवढें कमी करून माणसाचा कस पाहावा, हें त्याचें तत्त्व. त्यामुळें गति बदलण्याचें साधन वापरण्यास या शर्यतींत १९३७ सालापर्यंत धंदेवाईक स्वारांना मुभा नव्हती. चढ आला म्हणजे खालीं उतरावें, मागचें चाक काढावें, तें उलट फिरवून दुसऱ्या बाजूचें दांतेरी चक्र साखळीला जोडावें आणि मग पुढें जावें, असा क्रम असे. सायकल मोडली तर ती ज्याची त्यानेंच दुरुस्त करावयाची. १९१३ सालीं अझेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा तूर्मालेच्या घाटांत मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गांवीं आला, लोहाराच्या भट्टींत त्यानें स्वतःच्या हातानें तो चिमटा जोडला, आणि तरीहि त्याला दंड झालाच. कारण काय, तर लोहाराच्या पोरानें भाता ओढून त्यास मदत केली होती!

अशा या शर्यतीच्या काळांत पेलिसिए वाढला. त्याचा जन्म १८८९ सालचा, पॅरिसमधला. इटलींतील मिलान-सान रेमो ही शर्यत त्यानें १९१२ सालीं जिंकली. पहिलें महायुद्ध मध्यें आलें, कित्येक स्वार रणांगणावर पडले. पण युद्ध संपतांच १९१९ सालीं, आणि पुन्हां १९२१ सालीं, फरशीबंद रस्त्यांची म्हणून कुप्रसिद्ध असलेली पॅरिस-रूबे शर्यत त्यानें आपल्या नांवावर केली. केवळ मैलांवर मैल तुडविण्यापेक्षां वेगाचा आणि आहाराचा विचार करून तयारी करावी, हें त्यानें आपल्या पिढींत लवकर ओळखलें. परंतु टूर द फ्रान्स आणि तो यांचें कधीं जमलें नाहीं. १९२० सालीं निकामी झालेला टायर त्यानें रस्त्यांत फेकून दिला. प्रत्येक स्वारानें निघतांना बरोबर घेतलेली वस्तु मुक्कामीं परत आणलीच पाहिजे, असा नियम होता. त्याला दंड झाला आणि तो शर्यत सोडून चालता झाला. १९२३ सालीं मात्र पंधरा टप्प्यांचें ५,३८६ किलोमीटरांचें अंतर सर्वांआधीं कापून, बोतेक्किया या इटालियन स्वाराला अर्ध्या तासाहून अधिक मागें टाकून, तो विजयी झाला. बारा वर्षांनंतर प्रथमच ही शर्यत एका फ्रेंच माणसानें जिंकली होती.

पुढच्याच वर्षी त्यानें तीच शर्यत अर्ध्यावर टाकली. टप्पे रात्रीं सुरू होत. थंडीसाठीं अंगावर दोन बंड्या चढवाव्यात आणि ऊन चढलें कीं एक काढून टाकावी, ही साधी गरज. पण बंडी टाकतां येत नाहीं, हा नियम! तपासनीसानें त्याच्या बंड्या मोजल्या आणि तेथें ठिणगी पडली. कूतांस या गांवीं आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि त्यांचा एक सहकारी मोरिस व्हील हे तिघे सायकलीवरून उतरले आणि एका उपाहारगृहांत जाऊन बसले. तेथें आल्बेर लोंद्र या नामांकित बातमीदारानें त्यांना गांठलें. अंगांत बळ टिकावें म्हणून डोळ्यांत घालावयाचें कोकेन, गुडघ्यांना चोळावयाचीं औषधें, खावयाच्या गोळ्या हें सर्व त्यांनीं त्याच्यापुढें मांडलें. ती मुलाखत फ्रान्सभर गाजली आणि ‘रस्त्यावरचे कैदी’ हें बिरुद या स्वारांना कायमचें चिकटलें. पोट भरण्यासाठीं सायकल चालविणाऱ्या माणसाला अंगांतली बंडी काढण्याचेंहि स्वातंत्र्य असूं नये, हें त्या तक्रारीचें मर्म होतें.

ही गोष्ट १९२४ च्या जून महिन्याच्या अखेरीची. त्या वेळीं मुंबईहून निघालेल्या तरुणांना घर सोडून आठ महिने होऊन गेले होते.

त्यांच्या मनांत या साहसाचें बीज पडलें तेंहि एका फ्रेंच माणसामुळें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९२० सालीं ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचें जाहीर व्याख्यान झालें. तो गृहस्थ युरोपांतून हिंदुस्थानांत पायीं चालत आला होता. श्रोत्यांमध्यें बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबाचे कांहीं तरुण सभासद होते. एक माणूस नुसत्या पायांच्या बळावर एवढें अंतर तोडतो, तर दोन चाकांच्या साहाय्यानें आपण सबंध पृथ्वी कां पालथी घालूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. विचार पुष्कळांच्या मनांत येतात आणि मैदानावरून घरीं पोहोंचेपर्यंत मावळतात. येथें तो तीन वर्षें टिकला.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा जण निघाले: आदि हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कापडिया. सारे विशीच्या उमरीचे. व्यायामाची आवड हा त्यांना एकत्र आणणारा धागा होता. पारशी समाजांत व्यायामशाळा, क्रिकेट, कुस्ती यांना त्या काळीं मोठी प्रतिष्ठा होती. दादरला पारशी वसाहत नुकतीच आकार घेत होती. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या धावत होत्या. देशांत मात्र उदासीनता होती. असहकाराची चळवळ थांबली होती आणि महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत होते. अशा वेळीं परक्याच्या राज्यांतील सहा प्रजाजन, कोणत्याहि सरकारी कामाशिवाय, केवळ आपल्या पायांत किती बळ आहे हें जगाला दाखवावें आणि जग आपण पाहावें, म्हणून निघतात, यांतला अर्थ ओळखणें कठीण नाहीं.

त्या काळच्या सायकलीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. सायकली परदेशांतून येत. आपल्याकडचे मोठे कारखाने अद्यापि निघावयाचे होते. बहुतेक सायकलींना एकच गति असे. सपाट रस्त्यावर ती चांगली चाले. चढ लागला कीं स्वारानें उतरावें आणि सायकल हातानें ढकलीत न्यावी. रबरी टायर अरुंद असल्यामुळें वाळूंत रुते आणि खडीवर फाटे. पंप, ठिगळें, सोल्यूशन, पाने आणि साखळीचे सुटे दुवे हा संसार बरोबर न बाळगणारा स्वार पहिल्या पन्नास मैलांतच अडकून पडावयाचा. मुंबईहून पुण्यास जातांना बोरघाट ज्यानें सायकलीनें चढला असेल, त्याला या ढकलण्याचा अर्थ सांगावयास नको. या सहा जणांपुढें असे घाट किती तरी होते, आणि त्यांच्या पायथ्याशीं बहुधा चहाचें दुकान नव्हतें.

त्यांचा मार्ग पंजाब आणि बलुचिस्तानांतून इराणांत, तेथून मेसापोटेमियांत म्हणजे आजच्या इराकांत गेला. बगदादपासून सीरियांतील अलेप्पोपर्यंत वाळवंट पसरलें आहे. तें ९५६ किलोमीटरांचें अंतर त्यांनीं तेवीस दिवसांत पार केलें. सायकलीवरून हें वाळवंट ओलांडणारे पहिले प्रवासी म्हणून त्यांचीं नांवें घेतलीं जातात. आतां या आंकड्याकडे जरा बारकाईनें पाहावें. दिवसाला सरासरी सुमारें ४२ किलोमीटर झाले. पेलिसिएच्या विजयाच्या वर्षी टूरमधील एका टप्प्याची सरासरी लांबी सुमारें ३५९ किलोमीटर होती, आणि सर्वांत मोठा टप्पा तर ४८२ किलोमीटरांचा होता. तेव्हां नुसत्या वेगानें पाहिलें तर मुंबईचे स्वार त्याच्या पासंगालाहि लागत नाहींत. पण पेलिसिएच्या चाकाखालीं रस्ता होता, दोहों बाजूंना माणसें होतीं आणि रात्रीं मुक्कामीं पलंग होता. वाळवंटांत पहिला शत्रु ऊन, दुसरा शत्रु तहान, आणि तिसरा शत्रु म्हणजे वाट चुकल्याचा संशय. जवळचें पाणी मोजून प्यावयाचें. सायकल चालण्याऐवजीं तिलाच चालवीत न्यावयाचें. आणि संध्याकाळीं आपण किती पुढें आलों याची खूण पटविण्यास क्षितिजावर एक झाडहि नसावें, अशा स्थितींत ४२ किलोमीटर हें थोडें अंतर नव्हे. साठ अंशांपर्यंत चढलेल्या उन्हाची आणि अन्नपाण्यावांचून काढलेल्या दिवसांची नोंद या प्रवाशांनीं करून ठेवली आहे.

पुढें सीरियांतून ते सिनाईच्या वाळवंटांत उतरले आणि इजिप्तला पोहोंचले. तेथून समुद्र ओलांडून इटली. मग आल्प्सचे घाट, युरोपांतील देश, इंग्लंड. अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका, आणि तेथील एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची मजल. त्यानंतर जपान, कोरिया आणि चीन. चीनमध्यें तेव्हां यादवी माजली होती. सैन्यांच्या आणि लुटारूंच्या टोळ्यांमधून मार्ग काढावयाचा होता. शेवटीं हिंदी-चीन, सयाम आणि ब्रह्मदेश यांतील जंगलें. वाळवंटांत चाक वाळूंत रुतत होतें, तें येथें चिखलांत रुतूं लागलें. जेथें रस्ता नाहीं तेथें सायकल हें वाहन राहत नाहीं, तें ओझें होतें. आणि तें ओझें टाकून देतां येत नाहीं, कारण पुढच्या मोकळ्या रस्त्यावर तेंच पुन्हां वाहन व्हावयाचें असतें.

सहा जण निघाले होते, परंतु शेवटपर्यंत तिघेच राहिले: हकीम, बापासोला आणि भुमगरा. उरलेल्या तिघांनीं निरनिराळ्या मुक्कामीं या प्रवासाचा निरोप घेतला. त्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं. शर्यतींतहि सगळे शेवटच्या रेषेपर्यंत पोहोंचत नाहींत. १९२३ सालच्या टूरमध्यें निघालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्वार परत पॅरिसला आलेच नाहींत. भेद इतकाच कीं, शर्यत सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं आगगाडीनें घरीं जातां येतें. घरापासून हजारों मैलांवर, परक्या मुलखांत, सोबत्यांना निरोप देऊन मागें वळणाऱ्याला आणि पुढें जाणाऱ्यालाहि किती जड गेलें असेल याची कल्पना करणेंच बरें. सहांची जोखीम तिघांच्या खांद्यांवर आली आणि त्या तिघांनीं ती शेवटास नेली.

१८ मार्च १९२८ रोजीं ते तिघे मुंबईस परत आले. १,६१६ दिवसांनंतर त्यांनीं आपलें शहर पुन्हां पाहिलें. ४४,००० मैल, म्हणजे सुमारें ७१,००० किलोमीटर अंतर त्यांनीं सायकलीवरून कापलें होतें. समुद्रावरचे, मुक्कामाचे आणि अडकून पडल्याचे सर्व दिवस धरूनहि रोजची सरासरी ४४ किलोमीटर पडते. बगदाद-अलेप्पोच्या वाळवंटांतील सरासरीशीं ताडून पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. या माणसांची खरी शक्ति वेगांत नव्हती. सुखाच्या रस्त्यावर आणि दुःखाच्या रस्त्यावर जवळजवळ सारखेंच चालत राहण्याची संवय त्यांनीं अंगीं बाणविली होती. साडेचार वर्षें ती संवय न मोडणें हेंच त्यांचें मोठें कर्तृत्व.

१९३१ सालीं या तिघांनीं आपल्या प्रवासाचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हें त्याचें नांव, आणि त्याला प्रस्तावना पंडित जवाहरलाल नेहरू यांची आहे. राजकीय धामधुमीच्या त्या दिवसांत नेहरूंसारख्या पुढाऱ्यानें एका सायकल-प्रवासाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, यावरून या घटनेकडे त्या काळचे सुशिक्षित लोक कोणत्या दृष्टीनें पाहत होते तें समजतें. दुबळी, बसकी, कारकुनी पेशाची प्रजा असा जो शिक्का राज्यकर्त्यांनीं या देशावर मारला होता, त्याला या तिघांनीं वाद न घालतां उत्तर दिलें होतें.

हे तिघे एकटेच नव्हते. फ्रामरोझ दावर हे मुंबईचे क्रीडा-पत्रकार १९२४ सालीं एकटेच सायकलीवर निघाले. व्हिएन्ना येथें गुस्ताव स्तावियानिक नांवाचा ऑस्ट्रियन सायकलपटु त्यांना येऊन मिळाला, आणि दोघांनीं मिळून सहारा वाळवंट, अँडीज पर्वत आणि ॲमेझॉनचें अरण्य पालथें घातलें. सात वर्षांत ५२ देश आणि सुमारें १,१०,००० किलोमीटर असा त्यांचा हिशेब आहे. पुढें १९३३ सालीं केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिसरें पथक मुंबईहून निघालें. अफगाणिस्तानापासून आरंभ करून पांच खंडांतून सुमारें ८४,००० किलोमीटर फिरून ते १९४२ सालीं परतले, तेव्हां दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें. वीस वर्षांच्या आंत एकाच शहराच्या एका लहानशा समाजांतून असे तीन प्रवास घडावे, ही गोष्ट जगाच्या सायकलीच्या इतिहासांतहि विरळाच म्हटली पाहिजे.

आतां प्रारंभीं उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळूं. पेलिसिएचा व्यवसाय होता आणि हकीम-बापासोला-भुमगरा यांचें साहस होतें. यांत श्रेष्ठ कोण हा वाद निरर्थक आहे. पण दोहोंचा परिणाम काय झाला हें पाहणें उपयोगाचें आहे.

व्यवसायानें माणसाला बांधून टाकलें, हें खरें. नियम दुसऱ्याचे, वेळ दुसऱ्याची, नफा दुसऱ्याचा. आणि शरीर तेवढें आपलें, तेंहि औषधांवर ताणलेलें. पेलिसिएचें पुढील आयुष्यहि सुखाचें झालें नाहीं. घरांत शोकांतिका घडली आणि १ मे १९३५ रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, घरगुती कलहांत गोळी लागून त्याचा अंत झाला. तथापि त्याची तक्रार त्याच्याबरोबर मेली नाहीं. तो एका धंद्याचा माणूस होता, त्यामुळें त्याच्यामागून येणाऱ्यांना ती तक्रार वारसाहक्कानें मिळाली. कालांतरानें टप्पे लहान झाले, गति बदलण्याचें साधन आलें, मोडलेली सायकल बदलून घेण्याची सोय झाली, औषधांवर तपासणी बसली. घाट प्रथम चढणाऱ्यांसाठीं १९३३ पासून वेगळा मान देण्यांत येऊं लागला. एका पिढीनें सोसलें तें दुसरीला थोडें तरी कमी सोसावें लागलें, कारण मध्यें एक संस्था उभी होती, ती कितीहि कठोर असली तरी.

मुंबईच्या स्वारांवर कोणाची सत्ता नव्हती. बंडी टाकावी कीं ठेवावी, आज निघावें कीं उद्यां, हें त्यांचें त्यांनीं ठरविलें. पेलिसिएला जें स्वातंत्र्य मिळालें नाहीं तें यांना भरपूर होतें. परंतु त्यांचें साहस त्यांच्याबरोबर सुरू झालें आणि त्यांच्या पुस्तकाबरोबर संपलें. सत्कार झाला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें मानण्याची आपल्या समाजाला खोड आहे. त्यांच्या नांवानें एखादी शर्यत सुरू झाली नाहीं, कीं त्यांच्या अनुभवावरून पुढच्या मुलांना शिकविण्याची एखादी शाळा निघाली नाहीं. दावर निघाले ते स्वतःच्या बळावर. खरास, गांधी आणि श्रॉफ निघाले तेहि पुन्हां स्वतःच्या बळावर. प्रत्येकानें पहिल्यापासून आरंभ केला. कांहीं दशकांतच हीं नांवें शहराच्या स्मरणांतून जवळजवळ पुसून गेलीं. २००८ सालीं पहिल्या तिघांचें पुस्तक पुन्हां छापलें गेलें, आणि गोव्यांत राहणाऱ्या अनूप बबानी व सविया व्हिएगस यांनीं या सर्व प्रवाशांच्या हकीकती परिश्रमपूर्वक गोळा केल्या, म्हणून आज त्यांच्याविषयीं बोलतां तरी येतें.

महाराष्ट्रांत सायकलीची शर्यत अगदींच नाहीं, असें मात्र नव्हे. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत भारताचे सायकलस्वार उतरले, तेव्हां त्यांत पारशी नांवांचा भरणा होता. मुंबई-पुणें शर्यत तर मराठी माणसाच्या ओळखीची आहे. बोरघाट सर्वांत आधीं चढून जाणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्सच्या शर्यतींत पर्वतांवरील विजेत्याला जो मान आहे, त्याच जातीचें हें आपलें बिरुद. आणि तें मिळविण्यासाठीं सांगलीसारख्या गांवांतील साध्या घरांतलीं मुलें पायांचीं हाडें झिजवीत आलीं आहेत. पण घाटाच्या राजाचें राज्य घाटमाथ्यावरच संपतें. दुसऱ्या दिवशीं त्याला नोकरी शोधावी लागते. नशीब चांगलें असेल तर रेल्वेंत किंवा सैन्यांत खेळाडू म्हणून जागा मिळते, आणि सायकलीवर जगण्याचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा मार्ग अजूनहि तोच आहे. चांगली शर्यतीची सायकल सामान्य कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या प्राप्तीएवढ्या किंमतीची असते, आणि मुलानें हात पुढें केला तर वडिलांनीं काय करावें हा प्रश्न गिरगांवांतल्या दोन खोल्यांत आणि परळच्या चाळींत सारखाच अवघड आहे. वडिलांचा नकार कठोर वाटला तरी तो निराधार नसतो. ज्या मार्गाच्या शेवटीं पोटाची सोय दिसत नाहीं, त्या मार्गावर आपल्या मुलाला कोण ढकलील?

यासाठींच या दोन कथा शेजारींशेजारीं ठेवून पाहावयाच्या. व्यवसाय करावयाचा तर पेलिसिएच्या तक्रारीचें स्मरण ठेवावें: खेळाडूला मजुरी द्यावी, पण त्याला कैदी करूं नये. साहसाचा गौरव करावयाचा तर हकीम, बापासोला आणि भुमगरा यांच्या विस्मृतीचें स्मरण ठेवावें: हार घालून झाल्यावर, पुढच्या मुलाला पहिल्यापासून आरंभ करावा लागूं नये एवढी तरी व्यवस्था मागें राहावी. मुंबईंत पैसा आहे, संस्था आहेत, व्यायामशाळा आहेत, आणि पहांटे मोकळा असलेला समुद्रकांठचा रस्ताहि आहे. त्या रस्त्यावर उजाडण्यापूर्वी आजहि सायकलस्वारांचीं टोळकीं दिसतात. ज्या ओव्हल मैदानावर १९२० सालीं तें व्याख्यान झालें, तें त्या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या शहरांतल्या सायकलस्वाराला एवढा इतिहास ठाऊक असावा.